आतला रंग

लीलाने दुपट्याची घडी उलगडली आणि तिचं नाकच आकसलं. बाळाच्या मांडीच्या वळ्यांत हळद कालवलेली कणीक चिकटून राहिली होती आणि तिच्यातली साय दुपारच्या उकाड्यात आंबली होती. कालच जन्मलेली पोर, तिच्या अंगाला विरजणाचा वास! लीलाने ओल्या कापसाने मांडी पुसायला घेतली तशी मुलगी कळवळून रडली. कणकेखाली कातडी लालबुंद सोलवटली होती.

माणिकपूरच्या त्या प्रसूतिगृहात डॉक्टर लीला आपल्या प्रबंधासाठी मापं घ्यायला यायची. निरोगी नवजात बाळाच्या कातडीखालच्या बारीक वाहिन्यांतून रक्त कसं खेळतं, ते सुई न टोचता मोजायचं. बटणाएवढी तबकडी अंगावर ठेवायची, तिच्यातून लाल उजेड पडायचा आणि पडद्यावर रेघ धावायची. एवढंच. पण त्या उजेडाने बाळाचा आतला रंग कळतो, पोर पुढे गोरी होणार की काळी ते आधीच समजतं, अशी आवई वॉर्डात उठली. आधी ‘नको गं बाई’ म्हणणाऱ्या आज्या आपणहून नातवंडं पुढे करू लागल्या. लीलाला बाळं हवीच होती. ती गप्प बसली.

“हे कोणी केलं?” तिने विचारलं.

खाटेवर बाळाची आई राधिका पडून होती. तिने नुसतं सासूकडे पाहिलं.

“मीच.” यमुनाबाई आगाशीच्या केळीबागेच्या मालकीण, बोलण्यात संकोच कसला तो नाही. “सकाळी आंघोळीला कणकेने चोळून अंगावरची लव काढली. पोर हिच्यावर गेलीय ना, मग जरा जोर लावायलाच हवा. संध्याकाळी परत चोळते.”

सावळ्या राधिकाने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

“कातडी सोललीय, आजी. जंतू शिरले तर पोर हातची जाईल.”

“काही होत नाही. आमची सगळी अशीच वाढली.” यमुनाबाई पडद्याकडे वाकल्या. “ते राहू दे, डॉक्टरीणबाई. तुमचं मशीन लावा. रंग उजळला का तेवढं सांगा.”

लीलाला त्या बाईची किळस आली. त्या आंबट कणकेची आली आणि इतके दिवस तोंड मिटून बसलेल्या स्वतःचीही आली. हा दिवा रंग बघत नाही, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्याने ही बाई संध्याकाळी कणीक मळायची थांबणार नव्हती.

तिने तबकडी सोलवटलेल्या जागेच्या कडेला हलकेच टेकवली. रेघ उसळून वर गेली; सोललेल्या जागी रक्त धावून येणारच. हे माप प्रबंधाच्या कामाचं नव्हतं. ही पोर आता निरोगी बाळांत मोडत नव्हती.

“बघा,” ती म्हणाली. “काल जन्मल्यावर माप घेतलं तेव्हा रेघ खाली होती. आज केवढी चढलीय. आतला रंग काळा पडतोय. चोळाल तितकी काळी होईल.”

यमुनाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. “अगं बाई! मग आता?”

“हात लावू नका. कोमट पाणी आणि मी देते ते मलम, बस्स.”

यमुनाबाईंनी खाटेखालचा कणकेचा डबा उचलला आणि तो मोरीत रिकामा करायला त्या लगबगीने निघून गेल्या. राधिकाने पोरीला कुशीत घेतलं.

“म्हणजे काळी होणं वाईटच ना, डॉक्टर?” तिने हळूच विचारलं.

लीला स्पिरिटच्या बोळ्याने तबकडी पुसत राहिली. पलीकडच्या खाटेवरची आजी तेवढ्यात ‘याचाही रंग बघा’ म्हणत आपल्या नातवाचं दुपटं सोडायला लागली होती.