दोनशे पावले मागे

“ह्यात मागं किती पावलं जाता येतं?”

संगणकाची जुनी पेटी काउंटरवर ठेवत म्हाताऱ्याने विचारले, आणि आमच्या दुकानाचे मालक थाक यांनी माझ्याकडे पाहिले. सोलमधल्या योंगसानच्या संगणक-बाजारात गिऱ्हाइके वेगाविषयी विचारतात, किमतीविषयी तर विचारतातच. मागे जाण्याविषयी कोणी विचारल्याचे मला आठवत नव्हते.

“काका, पुढं जायचं बोला,” मालक हसले. “हा प्रोसेसर घ्या. घोडा आहे घोडा!”

“बांधू कुठं तो घोडा? चार लाख वॉन आहेत माझ्याकडं, बास.”

त्यांचे नाव प्यो दोक-सू. इंचॉनच्या जुन्या गोदीपाशी त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि गेली वीसेक वर्षे तिथे मुख्यतः एकच काम येई. म्हातारी माणसे हिंडतीफिरती असतानाच येत, नीट बसत आणि आपल्या अंत्यविधीत ठेवायचा फोटो काढून घेत. त्यांच्या बायकोचा मात्र राहून गेला होता. नवऱ्यासमोर असे बसायला ती कधीच तयार झाली नाही. मागच्या आठवड्यात, इस्पितळाच्या खाटेवर, तिने आपण होऊन कंगवा मागितला आणि म्हणाली, काढा आता.

“फोटोत नाकात प्राणवायूची नळी आहे,” काका सांगू लागले. “ती पुसायची, तिच्याखालचा गाल भरायचा. भरता भरता हात सवयीनं सुरकुत्यांवर जातो. बघावं तर भलतीच बाई! काल नेऊन दाखवला, तर म्हणते, ही कोण, तुमची नवी का?”

मालक हसले आणि लगेच पेटीवरची धूळ पुसू लागले.

“केलेलं एकेक रद्द करत मागं यावं म्हटलं तर वीस पावलांत यंत्र गोठतं. तीनदा पहिल्यापासून केलंय.”

“मग मध्ये मध्ये साठवून ठेवायचं, काका.”

“साठवतो की. पण कुठं थांबायला हवं होतं, ते पुढं गेल्याशिवाय कळतं का?”

“किती दिवस...” मी विचारले आणि वाक्य अर्धेच सोडले.

“डॉक्टर आता दिवसांचं बोलत नाहीत, पोरा. सकाळ-संध्याकाळचं बोलतात.”

मी पेटी उघडली. मेमरी तुटपुंजी होती, आणि त्या मदरबोर्डावर अधिक मेमरी बसण्यासारखी नव्हती. बोर्ड बदलायचा तर जुना प्रोसेसर नव्यावर बसेना. एकाला हात लावला की तिन्ही बदलावे लागतात. आमचा धंदा बराचसा यावरच चालतो. मालकांनी तोच घोडा, एक साधा बोर्ड आणि उरलेल्या पैशांत बसेल तेवढी, म्हणजे आठ जीबी मेमरी मांडली.

अनोळखी माणसांसमोर मला बोलता येत नाही. मालकांसमोर तर नाहीच. मी तो प्रोसेसर उचलून फळीवर परत ठेवला. त्याच्या जागी सर्वांत स्वस्त, चित्राचे काम वेगळ्या कार्डाशिवाय स्वतःच सांभाळणारा प्रोसेसर ठेवला, आणि शेजारी मेमरीच्या दोन मोठ्या पट्ट्या.

“काम जरा हळू होईल,” मी म्हणालो. “पण सगळं लक्षात राहील त्याच्या.”

“किती पावलं?”

“दोनशे. जास्तही कदाचित.”

“दुकान तुझ्या बापाचं आहे का रे?” मालक गुरगुरले. मग काकांकडे न पाहता म्हणाले, “जोडून द्यायला हाच येईल. आजच.”

दुपारी स्टुडिओत मी सुटे भाग बसवले. यंत्र सुरू झाले, माझे काम संपले, तरी मला उठवेना. काका कामाला बसले. नळी नाहीशी झाली, तिने गालावर पाडलेला वळ भरून आला. मग कपाळ निवळले, ओठांच्या कडा उजळल्या. अखेरीस पडद्यावर एक सुखी, तरतरीत, कोणाचीच नसलेली स्त्री उरली.

काकांनी हात गुडघ्यांवर पुसले आणि ते मागे निघाले. दर पावलाला एक रेघ परत येई. कधी डोळ्याखाली, कधी हनुवटीपाशी, जणू कोणी दूरच्या गावाहून सामान एकेक करून घरी आणत होते. यंत्र संथ होते. पण कुठेही अडले नाही.

एका ठिकाणी त्यांचे बोट थांबले.

“कशी वाटते?”

“मी काकूंना पाहिलेलं नाही, काका.”

“म्हणून तर तुला विचारतो. मला आता काही कळेनासं झालंय.”

मी बराच वेळ पाहत राहिलो. “रागावल्यासारख्या वाटतात,” मी भीत भीत म्हणालो. “म्हणजे, फार नाही. थोड्याशा.”

“कोणावर?”

“समोरच्यावर.”

काका एवढ्या मोठ्याने हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. चष्मा बराच वेळ त्यांच्या हातातच राहिला.

“तीच,” ते म्हणाले. “तीच ती.”

त्यांनी फोटो छपाईला लावला. मग खुर्चीवरून उठले, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि छपाईयंत्रासमोर जाऊन उभे राहिले. कागद कपाळापासून, तसू तसू बाहेर येत होता. वडीलधाऱ्यांकडून काही घेताना वाकतात तसे ते किंचित वाकले, आणि दोन्ही हात पुढे करून वाट पाहत राहिले.