खुर्चीवर बसलेली वीज

"सांगून कोणाला पटणार नाही, पण वीज खिडकीतून आत आली, या खुर्चीवर घटकाभर बसली आणि मग उठून थेट मोटरमध्ये शिरली," थोरला म्हणाला.

बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "महिना झाला, आभाळात ढग नाही."

"म्हणून तर म्हणतो, कोणाला पटणार नाही."

"आणि खुर्चीवर कशाला बसली? दमली होती?"

"लांबून आली होती."

थोरला स्वतःवरच खूश झाला. दोन गोष्टींसाठी त्याचं नाव होतं, हातची नक्षी आणि तोंडची थाप. लोक म्हणत, पहिली विकत घ्यावी, दुसरी फुकट ऐकावी. पण आजची थाप करमणुकीची नव्हती. आजची थाप घर वाचवायला होती, आणि ती घडवायला त्याला तासभरच मिळाला होता. सकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवताना बायकोनं सहज सांगितलं होतं, "धाकट्या भाऊजींना निरोप धाडलाय. दहापर्यंत येतो म्हणाले. मोटरीतलं कळणारं दुसरं आहे कोण?"

घोटभर चहा थोरल्याच्या नाकात गेला होता.

त्याचं कारण बारा वर्षं जुनं होतं. धाकट्यानं तेव्हा या घराच्या मागच्या खोलीत लाकूड कोरायचं मशीन जोडलं होतं. एक दांडा नमुन्यावरून फिरवला की दुसऱ्या दांड्याचं पातं शेजारच्या फळीवर तीच नक्षी कोरायचं. सगळं सामान त्यानं भंगारातून एकेक करून जमवलं होतं. मोटरसुद्धा जळकी आणली आणि रात्रंदिवस तांब्याची तार गुंडाळून स्वतः भरली. तारा आवळायला दोरा कमी पडला तेव्हा वहिनीच्या शिवणाच्या डब्यातलं नारिंगी रीळ पळवलं, आणि त्या रिळावरून वहिनी आठवडाभर त्याच्याशी भांडत होती. मशीन चालू झालं तेव्हा तो म्हणाला होता, "दादा, तू एक फळी कोर. उरलेल्या नऊ हे कोरेल."

त्यात वाईट काही नव्हतं. पण ते तो चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला. थोरल्यानं त्यांच्यादेखतच त्याला फाडून खाल्लं, या घरात नक्षी हातानं होते, चाकानं नाही. दुसऱ्या दिवशी धाकटा बाहेरून आला तेव्हा मागची खोली रिकामी होती. "भंगारात घातलं," थोरला म्हणाला. धाकट्यानं काही विचारलं नाही. कपड्यांची पेटी उचलली आणि गेला. गावाच्या दुसऱ्या टोकाला मोटरी भरायचं दुकान टाकलं. आई गेली तेव्हा आला होता, पण पायरीशी उभा राहून परत फिरला.

आणि मशीन भंगारात गेलंच नव्हतं.

ते त्या दिवशी माळ्यावर चढलं, एवढंच. चार दिवस रडेल, मग खाली काढून देऊ, असा थोरल्याचा हिशेब होता. धाकटा रडला नाही, गेला. मग वर्षभरानं थोरल्यानं ते नुसतं बघावं म्हणून खाली उतरवलं. मग नुसतं चालू करून पाहिलं. त्याच सुमारास उजवा अंगठा थरथरायला लागला होता, पटाशी रेषेवर ठरत नव्हती. तेव्हापासून या घरातून बाहेर पडलेली एकूण एक वेल, एकूण एक पाकळी त्या मशीननं कोरलेली होती. 'अस्सल हस्तकलेबद्दल' असं लिहिलेलं मानपत्र भिंतीवर होतं, तेही मशीनचंच म्हणायचं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून थोरला मोटरीला जुनी रजई गुंडाळायचा, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना भलता संशय येऊ नये म्हणून शेजारी बसून एका ओंडक्यावर लाकडी हातोडी ठोकायचा. ठक, ठक, ठक. अकरा वर्षांत तीन ओंडके कामी आले. चौथा नुकताच आणला होता.

परवा रजईतून धूर आला.

अर्धा कोरलेला दरवाजा आत पडून होता, आठ दिवसांत द्यायचा होता. मोटर भरून हवी होती. पण त्याहून मोठं दुखणं वेगळंच होतं. बारा वर्षांनी भाऊ उंबरा ओलांडणार होता. ते मशीन त्याच्या नजरेला पडलं असतं तर पुन्हा कधी ओलांडला नसता. म्हणून थोरल्यानं घाईघाईनं मोटर सोडवून पुढच्या खोलीत आणली, तिच्यावर हिरवा रंग फासला आणि मागच्या खोलीला कुलूप घातलं.

धाकटा बरोबर दहाला आला. केस पिकले होते. पायरीशी थांबला, चपला काढल्या, पुन्हा थांबला.

"या भाऊजी," बायको म्हणाली. "पाणी आणते."

"कसे आहात?" त्यानं थोरल्याला विचारलं.

बारा वर्षांपूर्वीपर्यंत तो 'तू' म्हणायचा. थोरल्याला ते काट्यासारखं बोचलं, पण त्यानं खुर्ची पुढे केली. "बस. नाही, ही नको, या खुर्चीवर वीज बसली होती. सांगून तुला पटणार नाही," आणि त्यानं सगळी हकिकत रंगवून सांगितली. धाकट्यानं ती शांतपणे ऐकली आणि त्याच खुर्चीवर बसला.

मोटर त्यानं मांडीजवळ ओढली. बोटांकडे पाहिलं. "रंग ओला आहे."

"भाजली होती ना बिचारी. थंडावा म्हणून लावला."

"कशाला जोडलेली होती?"

"पाण्याच्या पंपाला."

धाकट्यानं आधी वास घेतला. मग दांडा हातानं फिरवला. तो न अडता, न खरखरता फिरला. "बेअरिंग चांगली आहे. अडकून जळलेली नाही." कपॅसिटर सुटा करून तपासला, बाजूला ठेवला. "हाही जिवंत आहे." पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला, एक वायर तारांच्या टोकाला लावली, दुसरी मोटरच्या अंगाला रंग खरवडून टेकवली. दिवा लख्ख पेटला. "आतली तार अंगाला लागलीय. वाइंडिंग गेलं." मग त्यानं मागचं झाकण उघडलं. झाकणातून ओंजळभर बारीक भुसा जमिनीवर सांडला.

"पाण्याच्या पंपात लाकडाचा भुसा?"

"पंप सुताराच्या घरातला आहे," थोरला म्हणाला. "डॉक्टरच्या घरातला असता तर औषध निघालं असतं."

धाकटा हसला नाही. चिमट्यानं त्यानं पंख्याच्या पात्यांत अडकलेलं काहीतरी ओढलं. करपलेला कापूस, लांबच लांब निघत राहिला.

"वीज शिरली तर एका जागी भोक पाडते," तो म्हणाला. "ही सगळीकडून सारखी काळी झालीय. हळूहळू भाजलीय, महिनोन्‌महिने. कोणीतरी तिचं नाकतोंड दाबून तिला राबवलंय."

"तिला थंडी वाजत असेल," बायको म्हणाली. चहाचा कप तिनं मोटरीशेजारी ठेवला आणि सवयीनं स्वयंपाकघरात परत जायच्या ऐवजी दाराला टेकून उभी राहिली.

थोरल्यानं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. ती मोटरीकडे बघत होती.

धाकट्यानं टॉर्च पेटवून आत धरला. काळ्या तारांवरचं वार्निश नखानं खरवडलं. मग मोटर उजेडाकडे वळवली आणि बघत राहिला. जळक्या मोटरीकडे कोणी इतका वेळ बघत नाही. थोरल्यानं मनातल्या मनात शंभरापर्यंत मोजायला घेतलं आणि पन्नाशीला त्याला घाम फुटला. अखेर धाकट्यानं टॉर्च विझवला. मोटर उलटी करून मांडीवर ठेवली, तिच्या तोंडावर हात ठेवला.

"भरून मिळेल," तो म्हणाला. "दोन दिवसांत."

थोरल्याच्या छातीवरचा दगड उतरला. एवढंच हवं होतं. आता त्यानं गप्प बसायचं होतं, चहा घे म्हणायचं होतं, फार तर, जेवून जा म्हणायचं होतं.

"एक विचारू?" धाकट्यानं कप उचलला, पण तोंडाला लावला नाही. "माझं ते मशीन. ते भंगारात घातलं, ते नक्की ना?"

बायको दारातून म्हणाली, "अहो, सांगून टाका."

ती काय सांगून टाका म्हणत होती, ते थोरल्याला नीट कळलं. समोर भाऊ बसला होता, मान खाली घालून, आठ वर्षांचा असताना पटाशीनं बोट कापून घेऊन बसला होता तसा. मागच्या खोलीची किल्ली खिशात होती. उठून दार उघडायला दहा पावलं. थोरल्यानं खिशात हात घातलासुद्धा. पण मग नजर वर गेली, भिंतीवरच्या मानपत्राकडे, आणि ओठ आपसूक सुटले.

"सांगून तुला पटणार नाही," तो म्हणाला. "मी स्वतः गेलो होतो त्याच्याबरोबर, भट्टीपर्यंत. म्हटलं, भावाचं मशीन आहे, शेवटपर्यंत सोबत करावी. दांडे आधी वाकले, मेणबत्तीसारखे. मग ते पातं. मोटर काही केल्या वितळेना. भट्टीवाला म्हणाला, ही भरली कोणी, एवढी घट्ट मोटर मी जन्मात पाहिली नाही. माझा ऊर भरून आला बघ. सांगितलं त्याला, माझ्या भावानं भरलीय. तेव्हा कुठे तिनं जीव सोडला. तांबं असं धारेनं वाहिलं, लालभडक, आणि मी तिथं उभा राहून रडलो. खोटं वाटेल तुला, पण थेंब थेंब—"

धाकट्यानं मोटर सरळ केली आणि तिचं उघडं तोंड थोरल्याकडे फिरवलं. खरवडलेल्या वार्निशखाली, काळ्या तारांच्या जुडीभोवती, बोटभर नारिंगी दोरा उरला होता. शिवणाचा. त्याला दुहेरी गाठ होती.

दारातली बायको पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

"खोटं बोलतोयस, दादा," धाकटा म्हणाला. "हे रीळ वहिनीचं आहे."