मुद्दा क्रमांक एक

थॉर्नबी युनायटेड हा फुटबॉल क्लब युरोपातल्या पहिल्या चारांत कसा बसेल, याचं पत्र टाइप करायची उपासनाची ही तिसरी खेप होती. क्लब इंग्लंडात, ती मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये. दोघांचा संबंध एवढाच, की क्लबाचा एक बिनपगारी सल्लागार तिचा नवरा होता आणि सल्लागाराला टायपिंग येत नव्हतं. नागपुरात साठच्या स्पीडने परीक्षा पास झाल्याचा तिला एवढा पश्चात्ताप कधी झाला नव्हता.

प्रितम ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर होता. त्याचा कॉलेजातला दोस्त अनिल तिकडे डॉक्टर, तो मॅचच्या कॅसेटी पाठवायचा. इंग्लंडची कॅसेट अमेरिकेच्या व्हीसीआरवर चालत नाही, म्हणून हा गृहस्थ पाच तास गाडी हाकत शिकागोला गेला आणि देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून सगळ्या देशांच्या कॅसेटी चालवणारा व्हीसीआर घेऊन आला. येताना तूरडाळ आणायला सांगितली होती. ती तो विसरला.

कंपनीत एखादा पार्ट खराब निघाला की प्रितम पाच वेळा ‘का’ विचारायचा. तीच पद्धत त्याने क्लबाला लावली. क्लब हरला, का? गोल खाल्ले. का? असं करत करत दर सप्टेंबरात आठ मुद्द्यांचं पत्र तयार व्हायचं. राखीव खेळाडू पहिल्या अकरांच्या तोडीचे हवेत, दर वर्षी कोच बदलू नका, परक्या मैदानावर बरोबरीत समाधान मानायला शिका. क्लबाकडून दर वेळी आभाराचं एक छापील कार्ड यायचं. प्रितम ते फ्रीजवर लावायचा.

त्याच फ्रीजवर गेले आठ दिवस दुसरा एक कागद लटकत होता, आणि उपासनाचं डोकं फिरलं होतं ते त्या कागदापायी. त्यांची दीक्षा अकरा वर्षांची. बाहेरगावी मॅच खेळायला जाणाऱ्या, गावातल्या मुलींच्या ट्रॅव्हल टीमसाठी साठ पोरींतून तिची निवड झाली होती. फॉर्मवर आईवडील दोघांच्या सह्या हव्या होत्या आणि तो सोमवारी सकाळी द्यायचा होता. नाही दिला तर जागा दुसरीला. आईची सही झाली होती. वडिलांचं ‘बघू’ चाललं होतं.

घोडं अडलं होतं एका शब्दावर. फॉर्मवर कोचबाईंनी लिहिलं होतं, गोलकीपर. प्रितमचं म्हणणं, फॉरवर्ड खेळत असेल तर सही करतो, नाहीतर राहू दे. दीक्षाने त्याला दोनदा सांगून पाहिलं, “बट आय लाइक इट देअर, बाबा.” तिसऱ्यांदा तिने सांगितलं नाही. खोलीत जाऊन ती गणिताचं पुस्तक उघडून बसली. न सांगता अभ्यासाला बसणारी ती पोर नव्हती, म्हणून ते उपासनाला जास्तच लागलं.

रविवारी त्यांच्या बेसमेंटमध्ये बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, मंडळी पांगली. ढीगभर भांडी तशीच असताना प्रितमने कॉम्प्युटरशेजारी खुर्ची ओढली.

“लिही. मुद्दा क्रमांक एक, गोलकीपर. टीम गोलकीपरपासून बांधली जाते. गोल करणाऱ्याला टाळ्या मिळतात, पण टीमचं काळीज मागे उभं असतं. ही जागा धाडसाची आहे, ती कुणालाही देऊ नये.”

उपासनाने शेवटपर्यंत टाइप केलं. मग उठली, वर जाऊन फ्रीजवरचा फॉर्म घेऊन आली आणि त्याच्यापुढे कीबोर्डवर ठेवला.

“तीन वर्षं हाच मुद्दा टाइप करतेय मी. उंटावरून इंग्लंडला शहाणपण शिकवायचं आणि घरात काळीज मागे उभं राहतंय तर त्याला सही नाही. का? आता तुम्हीच सांगा. पाच वेळा विचारू?”

प्रितमने फॉर्म उचलला. मग बोलला ते फॉर्मकडे बघत. नागपुरात शाळेच्या टीममध्ये इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतला तो एकटाच. पुढे खेळायला त्याला कधी घेतलंच नाही. पुढे घेतलं की पास द्यावा लागतो, आणि त्याला पास द्यायचा कुणाला नव्हता. गोलात उभा राहा म्हणायचे. गोलामागे नाला होता. चेंडू नाल्यात गेला की उतरून आणायचा यानेच, आणि आणल्यावर धुवायचाही यानेच. चार वर्षं.

“माझ्या पोरीला मी त्या जागेवर उभी करणार नाही,” तो म्हणाला.

बारा वर्षांच्या संसारात हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. उपासनाचा राग उतरला नाही, पण त्याची दिशा बदलली. तिला त्या नागपूरच्या पोरांना एकेक करून शोधून काढावंसं वाटलं. ते जमण्यासारखं नव्हतं. समोर फॉर्म होता.

“तुम्हाला उभं केलं होतं,” ती म्हणाली. “ती स्वतः उभी राहिलीय. साठ पोरींतून.”

प्रितमने खिशातलं पेन काढलं. सही करताना त्याने ‘गोलकीपर’ हा शब्द पुन्हा एकदा वाचला.

पुढच्या शनिवारी पहिली मॅच झाली. बाकीचे आईबाप खुर्च्या टाकून मैदानाच्या कडेला बसले आणि हा जाऊन दीक्षाच्या गोलामागे उभा राहिला. शिकवायला लागणार, या धास्तीने उपासनाने कपाळाला हात लावला. पण त्याने तोंडातून शब्द काढला नाही. मैदानामागे पावसाच्या पाण्याचा चर होता आणि चेंडू सारखा तिकडे जायचा. दीक्षा वळायच्या आत प्रितम उतरलेला असायचा. ऑफिसचे बूट चिखलाने भरले, तरी चेंडू शर्टाला पुसून तो तिच्या हातात द्यायचा. टीम तीन-एकने हरली. गाडीत दीक्षा सबंध वाटभर बोलत होती.

घरी आल्यावर प्रितमने विचारलं, “ते पत्र गेलं का गं?”

प्रिंट काढून, तिकीट लावून पाकीट तयार होतं. त्याचा सूर ओळखून उपासनाने ते निमूट फाडलं आणि कॉम्प्युटर लावला.

“मुद्दा एकमध्ये एक वाक्य वाढव. गोलामागे गेलेला चेंडू आणायला वेगळा माणूस ठेवावा. ते गोलकीपरचं काम नाही.”

एवढ्या मोठ्या क्लबात त्यासाठी माणसं असतातच, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने वाक्य टाइप केलं.