वाढत्या अंगाचा व्हॉल्व्ह

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्ह आहे. थंड पाण्याच्या वाटेवरचा राखणदार. यंत्र तापलं की उघडायचं, निवलं की मिटायचं, एवढाच माझा धर्म.

मला विकत घेतलं ते प्लास्टिकच्या बादल्यांच्या एका छोट्या कारखान्याच्या मालकांनी. दुकानदाराने विचारलं, "पाणी किती लागतं? दाब किती?"

"पाइप चार इंची आहे ना, मग चार इंचीच द्या."

"अहो, एकाच यंत्राला एवढा?" मालकीणबाई म्हणाल्या.

"अगं, उद्या दुसरं यंत्र येईल. पोराचे कपडे वाढत्या अंगाचे घेतोच ना आपण?"

"पोराचं अंग वाढतं हो. कारखान्याचं कोणी सांगावं!"

दुसऱ्या यंत्रासाठी माझ्यासमोर सिमेंटचा ओटाही बांधून झाला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. यंत्र आलं नाही. ओट्यावर रिकामे डबे आले, धूळ आली.

आलेगेले म्हणत, "केवढा दणकट!" पण मी केसभर उघडलो तरी पाण्याचा लोंढा जाई नि यंत्र गारठे; मिटलो की तापे. उघड-मीट, उघड-मीट, आजाऱ्याने रात्रभर कूस बदलावी तसा. पाणी आलं, पाणी गेलं, माझं तोंड कधी किलकिल्यापुढे उघडलंच नाही. त्या बारीक फटीतून पाणी सुईसारखं घुसे. मिटताना मी जिच्यावर टेकतो ती आतली बैठक झिजली, मी शीळ घालू लागलो. ती ऐकायलाही शेजारी कुणी नव्हतं.

मग बादल्या वाकड्या निघू लागल्या. गिऱ्हाइकाने सगळा माल परत धाडला.

"व्हॉल्व्ह आहे की रुसलेला जावई? धड उघडत नाही, धड मिटत नाही," बाई म्हणाल्या. "आता एक तर तो ठेवा, नाही तर गिऱ्हाईक."

मालकांनी ओट्यावरचे डबे बाजूला सारले नि तिथे बसले. मग हळूच म्हणाले, "काढा त्याला. दुसरं यंत्र काही येत नाही आता."

माझ्या जागी दोन इंची धाकटा आला. त्याचा आवाजसुद्धा येत नाही. बादल्या सरळ निघतात.

मला काढणाऱ्या फिटरने मला पुसलं नि हाताने पूर्ण उघडलं. जन्मात पहिल्यांदा! आतून नुसता वारा गेला.

मित्रांनो, कुणालाही कामाला लावाल तेव्हा आधी विचारा, आज पाणी किती आहे? उद्याची तहान त्याच्या गळ्यात बांधू नका. आणि कधी या बाजूला आलात, तर ओट्यावर बघा. दुसऱ्या यंत्राच्या जागी आता मीच बसलोय.