कपाटामागचा अमेरिकेचा नकाशा

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो, अमेरिकेचा. गंगाखेडच्या एका कॉलेजात, इंग्रजी विभागाच्या कपाटामागे मला गुंडाळून उभं केलं आहे. उभं राहून आता फार थकलो आहे.

माझा जन्म पुण्याच्या छापखान्यात झाला. कागदाला मागून कापड चिकटवलं, वर-खाली लाकडी दांडे लावले आणि एसटीच्या टपावरून मी इथे आलो. एम.ए.ला अमेरिकन साहित्य शिकवणाऱ्या सविता मॅडमनी मला भिंतीवर टांगलं. कुठलीही गोष्ट शिकवण्याआधी त्या काठीने तिचं गाव दाखवायच्या. तेव्हा बाकं भरलेली असायची. पुढे मुलं कमी होत गेली, माझेही रंग उडाले.

शेवटच्या वर्गात मोजकीच मुलं होती. राणीसावरगावची ऋतुजा त्यांतली एक. परीक्षेच्या तोंडावर तिचे वडील ईश्वरअप्पा तिला घरी न्यायला आले. तिची सोयरीक जमत होती.

"अमेरिकेचं शिकून हिला कुठं जायचंय, म्याडम? बस झालं आता," ते म्हणाले.

ऋतुजा वह्या पिशवीत भरू लागली. मॅडम वाद घालतील असं मला वाटलं, पण त्याही दमलेल्या होत्या. त्यांनी काठी माझ्या खालच्या अंगाला टेकवली.

"अप्पा, इथं कापूस पिकतो. तुमची ऋतुजा इथल्याच गोष्टी वाचते आहे."

अप्पा जवळ आले. "तिकडं बी येचायला बायाच असत्यात का?"

"पहिले गुलाम असायचे," ऋतुजा म्हणाली. "इकत आणलेली माणसं. लेकरू मायपासून तोडून इकायचे, अप्पा. वाचताना घावलं तर फटके. तरी एक बाई लपून वाचायला शिकली. तिची गोष्ट हाय आमाला."

अप्पांनी माझ्यावरच्या त्या कापसाच्या मुलखावर बोट टेकवलं. मग बाकावर टेकले.

"फुडं काय झालं तिचं?"

"ते वाचायचं ऱ्हायलंय."

"पेपर कवा हाय?"

"सोमवारी."

"दे मग. पावण्याला सांगतो मी थांबायला."

ऋतुजा पास झाली. पण पुढच्या वर्षी तो विषय कुणीच घेतला नाही. मॅडम निवृत्त झाल्या आणि शिपायाने मला खिळ्यावरून उतरवलं. आता माझ्या दांड्यांना कीड लागली आहे, मागचं कापड विरलं आहे.

मित्रांनो, धूळ झटका, ऊन दाखवा, एवढं मागायचंही बळ उरलं नाही. पण तुमच्या घरात एखादी ताई वाचत बसली असेल, तर तिला हाक मारून उठवू नका. थोडा वेळ तिच्या शेजारी बसा.