विम्याच्या वकीलबाईंची ट्रंक

मित्रांनो, मी पत्र्याची ट्रंक. जुनी आहे, ते दिसतंच आहे. पण भंगार म्हणाल तर ऐकून घेणार नाही. आजकालच्या बॅगांच्या चेनी वर्षभरात तोंड वासतात. माझं झाकण अजून बसतं.

मला एका पत्रेवाल्याने आपल्या भाचीसाठी घडवलं. ती वकिली शिकायला निघाली होती. "वर बसून अभ्यास केलास तरी वाकायची नाही," असं मामा म्हणाला. मी वाकले नाही. घाबरले मात्र जन्मभर. वरून टणक दिसणाऱ्यांचं तसंच असतं, कुठे बोलू नका.

भाची शिकून वकीलबाई झाली. काम विम्याच्या भांडणांचं. लोक कंपनीकडे हप्ते भरतात. आग लागली, चोरी झाली, की कंपनीने नुकसान भरून द्यायचं. पण वेळ आली की कंपनी म्हणते, "हे पॉलिसीत बसत नाही." मग बसतं की नाही, यावर कोर्टात भांडायचं.

आधी बाई कंपनीच्या बाजूने भांडायच्या, आणि जिंकायच्या. एकदा त्यांच्यामुळे एक म्हातारे गृहस्थ हरले. बाहेर पडताना त्यांनीच बाईंसाठी दार धरलं. "सावकाश उतरा, बाई. पायरी ओली आहे." शिवी दिली असती तर बाईंनी पचवली असती. ते बोलणं काही पचलं नाही. त्यांनी कंपनीचं काम सोडलं आणि हप्ते भरणाऱ्यांची बाजू धरली.

तेव्हापासून माझ्या पोटात लोकांची संकटं यायला लागली. जळकं बटण, फुटकं कुलूप, पुराच्या चिखलात माखून वाळलेलं कापड. हा सगळा पुरावा. झाकण लागलं की माझा जीव टांगणीला. आत एखादी वस्तू घासली, पुसली गेली, तर कोणाचं तरी घर बसायचं. बाई माझं खूप कौतुक करायच्या. कौतुकाने भीती जात नाही.

मग शिवणवाल्या मावशींची केस आली. दुकानाचं दार पहारीने उचकटून चोरांनी सगळी शिलाई मशीनं नेली होती. मावशी आणि त्यांची विधवा सून, दोघींचं पोट त्या मशीनांवर. पॉलिसी अशी, की जबरदस्तीने फोडून चोरी झाली तरच भरपाई. आणि मावशींनी काय केलं? नुकसान पाहायला कंपनीचा सर्व्हेअर यायच्या आत सुताराकडून दार दुरुस्त करून घेतलं, दुकान झाडून लख्ख केलं! सर्व्हेअरने धडधाकट दार पाहिलं आणि लिहून टाकलं, फोडल्याची खूण नाही.

"मावशी, दार का दुरुस्त केलंत?" बाईंनी कपाळाला हात लावला.

"मग सताड उघडं ठेवू? उरलेल्या सुया-दोरे न्यायला बोलावू त्यांना?"

बाई सुताराकडे धावल्या. चौकटीचा फुटका तुकडा त्याने आपल्या डुगडुगत्या बाकाखाली टेकू म्हणून सरकवला होता. त्यावर पहारीचे घाव होते, आणि रंगाचे जुने पापुद्रे. तो माझ्या पोटात आला. मला धडकीच भरली.

सुनावणीच्या सकाळी बाई खाली चहा घ्यायला गेल्या. वर त्यांच्या खोलीत मावशी आणि मी. मावशींनी मला उघडलं, तुकडा बाहेर काढला. "शी! कोर्टात हे असलं न्यायचं?" आणि पिशवीतून काढला लाकूड घासायचा पॉलिश पेपर! अहो, त्या रंगाच्या चार पापुद्र्यांवर तुमचं दुकान उभं आहे, असं ओरडावंसं वाटलं. पण पत्र्याला कुठली वाचा?

तेवढ्यात सून आली. "आई! ठेवा ते खाली. घासलंत तर मशीनं विसरा."

"धूळच काढतेय."

"धूळही राहू द्या!"

मावशींनी तुकडा परत ठेवला, झाकण लावलं आणि माझ्यावर बसल्या. "आता उठवू नकोस मला. माझे हात शिवशिवतात, मलाच माझा भरवसा नाही."

कोर्टात कंपनीचा वकील म्हणाला, हे लाकूड कुठल्याही दाराचं असेल. म्हणून कोर्टाने दुकानावर पाहणीला अधिकारी पाठवला. सुताराने चौकटीचा खालचाच भाग बदलला होता, वरचा जुनाच होता. बाईंनी तुकडा तिथे धरला. दोन्हीकडे रंगाचे थर तेच: वर हिरवा, मध्ये निळा, तळाला पांढरा. रंगाला रंग मिळाला, चिरेत चीर बसली. सुनेने मावशींचा दंड घट्ट धरला होता.

निकाल मावशींच्या बाजूने लागला. नवी मशीनं आली त्या दिवशी सर्व्हेअर समोरून जात होता. मावशींनी त्याला हाक मारली. "या साहेब! आता बघा दार, हवा तेवढा वेळ!"

मित्रांनो, आता पुरावे फोनमधल्या फोटोत राहतात. मी कपाटावर धूळ खाते. तरी जिन्यावर कोणी रडत आलं की वाटतं, आता माझं झाकण उघडणार. तुमच्या घरात काही फुटलं, जळलं, भिजलं, तर लाजू नका, घाईने झाडू घेऊ नका. आधी चार माणसांना दाखवा. आवरायला काय, उभा जन्म पडला आहे.