हत्तिणीची बातमी

"कामगारांचा संप सातव्या दिवशीही सुरूच," मोबाइल खणखणीत आवाजात म्हणाला. वेत विणता विणता खुर्चीकाकांनी कान टवकारले.

"बघा बाबा, नुसता फोटो काढायचा. पानच्या पान वाचून काढतो!" मुलगा खुशीत होता. बापासाठी हा मोबाइल घेऊन तो मुद्दाम आला होता.

काकांची दृष्टी विशीतच गेली. तेव्हापासून खुर्च्यांच्या फाटक्या बैठका वेतानं विणून देणं हा त्यांचा धंदा. दीड खोलीचं घर, दारात दुरुस्तीच्या चार-दोन खुर्च्या आणि जेवणानंतर काकूंनी वाचून दाखवलेलं वर्तमानपत्र. एवढ्यावर स्वारी खूश असे.

मुलानं कालचाच अंक हाताशी घेतला होता. संप झाला, चोरी झाली, भाववाढ झाली.

"हत्तिणीचं कुठं आलंय?" काकांनी विचारलं.

"कसली हत्तीण?"

"प्राणिसंग्रहालयातली. पिल्लू झालंय ना तिला? काल तुझ्या आईनं वाचलं."

मुलानं सगळी पानं उलटीपालटी केली. "असलं काही नाहीये, बाबा."

काकांचे हात थांबले. काकूंच्या वाचनात बागेतलं बंद कारंजं सुरू झालं होतं. एका पोस्टमननं बारा वर्षं हरवलेलं पत्र शोधून पोचवलं होतं. गेले तीन-चार महिने जगात सगळं कसं छानच चाललं होतं. आणि परवा चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं.

जिन्यात काकूंची पावलं वाजली. "मग आधीच्या अंकात असेल," काका घाईनं म्हणाले.

निघताना मुलानं पुन्हा विषय काढला. "आमच्याकडं चला ना दोघं. लिफ्ट आहे, कामाला मशिनं आहेत. इथं काय ठेवलंय?"

"इथं मला सगळं दिसतं रे," काका हसले. "आणि हा मोबाइलही ने. फार भराभर वाचतो. मध्ये बोलायला जागाच देत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू वर्तमानपत्र घेऊन बसल्या. "ठेवून घ्यायचा होता मोबाइल," त्या म्हणाल्या. "मी कुठवर पुरणार?" मग घसा खाकरून त्यांनी सुरुवात केली, "शाळेला नवं मैदान..."

"अगं, उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ या."

"कोणाला दाखवायला?"

"मला."

काकू खो खो हसल्या. "चाळीस वर्षांनी आठवण झाली होय!"

"एकट्याला भीती वाटते. तू बरोबर असलीस, की बरं."

हसू विरलं. काकूंनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"कधी कळलं?"

"हत्तिणीमुळं."

"नुसती धुरकट अक्षरं दिसतात हो," काकू म्हणाल्या. "वाचणं थांबलं, तर तुम्हाला माझा काय उपयोग, असं वाटलं. रागावलात?"

काकांनी चाचपडत त्यांचा हात धरला. "पिल्लाचं नाव काय ठेवलं, ते राहिलं सांगायचं."

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं. डाव्याचं नंतर बघू, म्हणाले.

परतताना नेहमीसारखाच काकांचा हात काकूंच्या खांद्यावर होता. दवाखान्याच्या दाराशी काकू थबकल्या. पुढं नुसतंच पांढरं ऊन होतं.

"पाच पायऱ्या आहेत," काका म्हणाले. "येताना मोजल्यात मी. चल."